बुअज्जा मास्तरांचं डबकं

"उद्या बाई येणार आणि डबक्यात थेंब नाही! काय म्हणतील?" चहात पुदिना चुरगळत बुअज्जा मास्तर म्हणाले.

"उन्हाळ्यात आटणारच ते," त्यांची बायको रकिया म्हणाली. "तुम्हीच तर गावभर सांगत फिरता."

फिरत होते खरे. हिवाळी पावसात गावाबाहेरचा खोलगट भाग भरायचा, चिखलात झोपलेल्या अंड्यांतून इवले झिंगे निघायचे आणि उन्हं तापली की सगळं गुडूप. डबकं आटतं म्हणून तिथे मासे नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून झिंगे वाचतात, हे निवृत्त मास्तरांनी न्हाव्यालासुद्धा दाढी अर्धी असताना ऐकवलं होतं. आता गावच्या मंडळाला तिथे राडारोडा टाकून बाजारच्या गाड्यांसाठी जागा करायची होती. डबकं वाचवणं राजधानी राबातच्या पर्यावरण अधिकारी सिहामबाईंच्या हातात होतं, आणि त्या नेमक्या ऑगस्टात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, येत होत्या.

पाहुण्यापुढे रिकामं भांडं ठेवणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी मेहुण्याचा टँकर बोलावला.

"अहो, डबक्यालाही आग्रह करून वाढताय?"

"उद्यापुरतं गं!"

दुसऱ्या दिवशी सिहामबाई काठावर थबकल्या. "मास्तर, ऑगस्टात एवढं पाणी?"

"अल्लाची कृपा!" मास्तर फुलून म्हणाले.

"मग हे बारमाही तळंच की! हंगामी डबकं म्हणून संरक्षण कसं देऊ? मंडळाला सांगते, बुजवू नका, छान मासे सोडा."

मासे! इतक्या वर्षांच्या व्याख्यानांवर त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी फिरवलं होतं.

"तुम्ही बोलताय की मी बोलू?" मागे उभ्या रकियानं विचारलं.

"बाई, पाणी टँकरचं आहे. कोरडं दाखवायची लाज वाटली."

"मला फसवलंत ते सोडा. पण पाऊस आला समजून ती अंडी जागी झाली आणि पिल्लं वाढायच्या आतच पाणी आटलं तर?"

मास्तरांना रडूच आलं. एवढं तर न्हाव्यालाही सुचलं असतं. मग दुपारभर ते बादल्या भरभरून पाणी जैतुनाच्या झाडांना घालत राहिले, आणि कॅफेतली मंडळी खुर्च्या घेऊन बघायला आली.

महिन्याभरात संरक्षणाचा आदेश आला, सोबत फलकही. मास्तरांनी स्वतः खड्डा खणून तो रोवला. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या त्या गावात फलकावर लिहिलं होतं : 'येथे पाणी ओतण्यास सक्त मनाई आहे.'

"तुमचं नाव नाही घातलं ते बरं," रकिया म्हणाली.

"घालायचं कशाला?" घाम पुसत मास्तर म्हणाले. "न्हावी आहे ना सांगायला."