बोक्याचं अडलं, सरांना नडलं

बनुबाईंच्या पत्राला वैजनाथ सरांनी उत्तर दिलं नव्हतं. त्याला आळस कारण नव्हता, मायना कारण होता. 'सप्रेम नमस्कार' लिहावं, तर बाई एकट्या आणि आपण बिनलग्नाचे. सोनई गावात काय बोभाटा होईल! 'सादर प्रणाम' लिहावं, तर बाई वयानं लहान. 'स. न. वि. वि.' लिहावं, तर ते वसुलीच्या नोटिशीसारखं दिसत होतं. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाकडं शब्दांची टंचाई नव्हती. त्यातला एकही स्वतःच्या जबाबदारीवर वापरायचं धाडस नव्हतं. फोन करावा? छे! घरातला फोन वाजला तरी सर तो थांबेपर्यंत त्याच्यापुढं अदबीनं उभे राहत.

पत्रात विचारलं होतं एवढंच: 'माझा राजा बरा हाय ना?'

राजा म्हणजे बोका. बेलापूरला लेकीकडं कायमचं जाताना बनुबाईंनी तो शेजारच्या सरांच्या हवाली केला होता, आणि सर छाती काढून म्हणाले होते, "निश्चिंत जा. मांजरांवर मी एक अख्खं पुस्तक वाचलंय!" सरांनी जन्मात मारलेली ही एकुलती एक बढाई!

आणि एका सकाळी राजा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसला. कुंथला, उठला, चार पावलं गेला, परत येऊन बसला. शेपटीखाली चाटलं, आणि असा काही ओरडला की सरांचा चहा बशीत न पडता धोतरावर पडला! दुपार झाली तरी वाळू ठणठणीत कोरडी.

"पोट साफ होत नसावं," सरांनी निदान केलं. चमच्यात एरंडेल ओतलं. मग नेहमीप्रमाणं शंका आली: आपलं आजवर काही बरोबर आलंय का? एरंडेल पुन्हा बाटलीत गेलं आणि सर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले.

दुकानात बायकांची ही गर्दी! सर दुकानदार प्रवीणच्या कानाशी लागले.

"सकाळपासून सारखं बसणं चाललंय. होत मात्र नाही."

"काय होत नाही?"

"तेच... दोन्हीपैकी एक."

"जळजळ?"

"असावी. ओरडणं चालू आहे."

प्रवीणला गहिवरून आलं. "सर, तुमी ओरडताय म्हंजे लईच झालं! या वयात हे हुतंच. आमच्या दादांचं बी असंच तुंबलं हुतं!"

लाजेपोटी सरांनी वाक्यातला कर्ता गाळला होता. प्रवीणनं त्या मोकळ्या जागी खुद्द सरांना बसवलं!

सर घरी पोचले तर बातमी आधीच पोचलेली. समोरच्या भागिरथी वहिनी जवाच्या पाण्याची कळशी घेऊन दारात उभ्या, आणि गल्लीतल्या गहिनीनाथानं टेम्पो सुरूच करून ठेवलेला.

"चला सर, नगरला नेतो!"

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"समदे असंच म्हन्त्यात," भागिरथी वहिनी म्हणाल्या. "प्या आधी!"

सर पडले भिडस्त. तांब्यावर तांब्या प्याले. आणि एवढं पाणी प्याल्यावर व्हायचं तेच झालं. सर लगबगीनं मोरीत शिरले. दाराबाहेर अख्खी गल्ली कान देऊन उभी!

"झालं! सरांचं झालं!" गहिनीनाथ ओरडला. टाळ्यांचा कडकडाट! शाळेनं निरोप दिला तेव्हासुद्धा एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

लाजेनं लालबुंद होऊन सर बाहेर आले, आणि त्यांची नजर घमेल्याकडं गेली. राजा आडवा पडला होता. आता तो ओरडतही नव्हता. डोळे अर्धे मिटलेले, हात लावला तर पोट दगडासारखं घट्ट. बनुबाईंना काय सांगायचं? आणि सांगायचं ते राहू दे, या घरात आपल्याशी बोलणारं दुसरं आहे कोण?

"मला नाही हो!" सर एवढ्या जोरात ओरडले की छपरावरचे कावळे उडाले. "बोक्याला! बोक्याला लघवी होत नाही!"

सगळ्यांनी रिकाम्या कळशीकडं पाहिलं. मग भागिरथी वहिनी म्हणाल्या, "मग पानी तुमी कशाला प्यालात?"

"आग्रह होता ना!"

टेम्पो सुरूच होता. राजाला सरांच्या उपरण्यात घेऊन सगळे जनावरांच्या दवाखान्यात धडकले. सुकन्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. "फुगा झालाय नुसता! बोक्यांची नळी बारीक असते, गाळ अडकला की बंद. उद्यावर ढकललं असतं, तर गेला असता. घरचं काही पाजलं नाही ना?"

"एरंडेल पाजणार होतो. पण माझा माझ्यावर विश्वास नाही."

"फार चांगलं केलंत!"

सरांच्या शंकेखोरपणाची कुणी अशी तारीफ केल्याचं त्यांना आठवेना. डॉक्टरांनी भूल देऊन बारीक नळी घातली, सलाईन लावलं, आणि राजाला तिथंच ठेवून घेतलं. दोन दिवसांनी घरी सोडताना गोळ्या दिल्या.

पहिली गोळी बोंबलात लपवली. राजानं बोंबील खाल्ला आणि गोळी चाटूनपुसून बाजूला ठेवली. मग वहिनींनी त्याला टॉवेलात करंजीसारखा गुंडाळला, गहिनीनाथानं जबडा उघडला, सरांनी गोळी टाकली. "गिळली! गिळली!" राजा शांतपणे बसला, आणि गोळी गहिनीनाथाच्या मिशीत सापडली! शेवटी डॉक्टरांना विचारून ती कुटली, तुपात कालवली आणि राजाच्या पंजाला फासली. स्वच्छतेच्या भोक्त्यानं ती मुकाट चाटली.

दुसऱ्या दिवशी घमेल्यातली वाळू चांगली भिजलेली दिसली. सरांनी घमेल्याला हात जोडले!

तेवढ्यात वहिनी आल्या. "बनुबाईचा फोन आल्ता. तुमचं तुंबलंय म्हनून कळलं तिला. लई रडली."

सर विरघळले. "माझ्यासाठी?"

"व्हय! तुमाला काय झालं तर बोक्याला कोन बघंल, म्हनती!"

आता मात्र उत्तर टाळणं शक्य नव्हतं. सरांनी पोस्टकार्ड घेतलं आणि मायन्याच्या जागी नुसतं 'बनुबाई' लिहून खाली उतरवलं: 'आजारी मी नव्हतो, राजा होता. लघवी त्याची तुंबली होती, आता छान होते. गल्लीनं त्याला वाचवलं. तुम्ही तो माझ्याकडं ठेवलात, म्हणून एवढी माणसं माझ्या दारात आली. फार फार आभार.'

कार्ड चौकातल्या टपालपेटीत पडलं, आणि मग सरांच्या ध्यानात आलं की ते उघडं कार्ड आहे! बेलापूरपर्यंत वाटेतले सगळे वाचणार! घाईघाईनं त्यांनी फटीत बोटं घातली. कार्ड हाती लागलं नाही. बोटं मात्र अडकली.

समोरून गहिनीनाथाचा टेम्पो येऊन थांबला. "सर, आता कुनाचं अडलं?"

"माझं!" सर चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "माझंच! बोटं!"