काजळ फासलेले फांक

एटेलमावशी येणार की नाही, या एकाच काळजीने बोगलार्काला दुपारचं जेवण गेलं नव्हतं.

आपल्या डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकुपेशी उजेडात काम करतात आणि रंग दाखवतात. दंडपेशी अंधारात पाहतात, पण रंगांच्या बाबतीत त्या ठार अडाणी. एटेलमावशींच्या शंकुपेशी जन्मापासूनच संपावर होत्या, त्यामुळे त्यांचं सगळं जग काळं, पांढरं आणि करडं. दंडपेशींवर संशोधन करणाऱ्या बोगलार्काला असं माणूस सगळ्या सेगेद शहरात दुसरं मिळालं नव्हतं. आणि जे मिळालं होतं ते भयंकर रागीट होतं.

मागच्या खेपेला प्रयोग चालू असताना कोणीतरी अंधाऱ्या खोलीचं दार सताड उघडलं. मावशींचे डोळे असे दिपले, की त्या भिंत चाचपत घरी गेल्या आणि पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणाल्या. बोगलार्काने घरी जाऊन हातापाया पडून त्यांना एका शेवटच्या बैठकीपुरतं वळवलं होतं. उद्या त्या कायमच्या लेकाकडे पेच शहरात राहायला निघाल्या होत्या. आजचं मोजमाप हुकलं की तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

दिवस कार्निव्हलचे होते. या दिवसांत घरोघरी कणीक फुगवून फांक नावाचे गोल वडे तळतात आणि वर पिठीसाखर भुरभुरवतात. मावशी म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या फांकांचं हायकोर्ट. तेव्हा संस्थेच्या चहाच्या खोलीत स्वतः फांक तळून त्यांना खूश करायचं, असं बोगलार्काने ठरवलं.

अडचण एकच होती. प्रयोगाचा दिवा इतका मंद, की तो जुळवायला तिचे स्वतःचे डोळेही अंधाराला सरावलेले लागत. एकदा उजेड पाहिला की दंडपेशी अर्धा तास रुसून बसतात. म्हणून ती दुपारभर लाल काचांचा घट्ट गॉगल घालून हिंडे. लाल उजेड दंडपेशींच्या गावीही नसतो. मात्र त्या काचांतून लाल आणि पांढरं अगदी सारखंच दिसतं. हे ती दरवर्षी विद्यार्थ्यांना बजावून सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

फळीवर जॅमच्या दोन बाटल्या होत्या. एकीत पिठीसाखर होती. दुसरीत प्राध्यापक ओडोन यांच्या सासऱ्यांनी परसात पिकवून कुटलेली जहाल पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, जी सर रोज चरबी लावलेल्या पावावर घ्यायचे. सर्दीने बोगलार्काचं नाक चोंदलेलं होतं. तिने हाताला आली ती बाटली घेतली आणि गाळणीतून सढळ हाताने फांकांवर चाळली.

एटेलमावशी काळा चष्मा लावून, काठी टेकत आल्या. पडदे ओढलेल्या कॉरिडॉरमध्ये बोगलार्काने बशी पुढे केली. मावशी वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"यांना काजळ का फासलंयस?"

"काजळ कुठलं मावशी? बर्फासारखे पांढरेशुभ्र आहेत."

"काळेकुट्ट आहेत."

"तुम्हाला तसं वाटत असेल. इथे उजेड कमी आहे ना."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ चावावी. मावशींनी काठी भिंतीला टेकवली आणि कोटाची बटणं लावायला घेतली.

"तीन वर्षं मला अंधारात बसवून विचारतेस, मावशी काय दिसतं, मावशी काय दिसतं. आज न विचारता सांगितलं तर म्हणे वाटत असेल."

तेवढ्यात कानाला फोन लावून ओडोन सर आले. खाण्याची बशी दिसली की सरांचा हात आपोआप पुढे होतो. फोनवर कोणाला तरी झापता झापता, न बघताच, त्यांनी अख्खा फांक तोंडात कोंबला आणि मोठा श्वास घेतला. फोन खाली पडला. सर छातीवर हात ठेवून मटकन खुर्चीत बसले. बोगलार्काला गॉगलमधून त्यांचा चेहरा पांढराफटक दिसला. गेल्याच महिन्यात त्यांना धडधडीसाठी गोळ्या सुरू झाल्या होत्या. ती अँब्युलन्सचा नंबर फिरवू लागली, तर सर जोरजोरात मान हलवत स्वतःच्या जिभेकडे बोट दाखवत होते.

"आधी तो गॉगल काढ," मावशी म्हणाल्या.

गॉगल काढला की डोळे गेले, आणि डोळे सरावेपर्यंत मावशी थांबणार थोड्याच. बोगलार्काचा हात क्षणभर अडला. मग तिने गॉगल ओढून काढला.

फांक लालभडक होते. सरांचा चेहरा त्यांच्याहून लाल होता.

"पाणी," सर कसेबसे म्हणाले. नंतर ते बराच वेळ सासऱ्यांबद्दल काहीबाही बोलत राहिले.

बोगलार्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर पाहत होतात आणि मी ऐकलंच नाही. तुम्ही गेलात तरी मला बोलायला तोंड नाही."

मावशींनी कोटाचं शेवटचं बटण लावलं. मग बशी उचलली.

"चल आत. आता तू बस अंधारात, माझ्याबरोबर."

खोलीत चांदण्याइतका उजेड होता. आधी बोगलार्काला काहीच दिसेना. दोघी तिचे डोळे सरावायची वाट बघत बसल्या. हळूहळू मावशींचे पिकलेले केस दिसू लागले, मग त्यांचे हात, मग मांडीवरची बशी.

"काय दिसतं?" मावशींनी विचारलं.

बोगलार्का वाकली. लाल रंग न कळणाऱ्या दंडपेशींनी पाहिलं, तर फांकांवर दाट काळा थर होता.

"काळे," ती म्हणाली. "काजळ फासल्यासारखे."

मावशींनी मांडीवरची बशी सरळ केली.

"शाळेत सफरचंद काढायला सांगायचे. मी काळं रंगवलं की हातावर पट्टी बसायची," त्या मग म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत काळं म्हणणारी तू पहिली. लाव तुझा दिवा."

बोगलार्काने डोळे पुसले आणि दिवा जुळवला. ठिपका दिसला की मावशींनी बटण दाबायचं होतं. टक आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा टक. मध्येच काहीतरी खरवडल्याचा आणि मग चावल्याचा आवाज आला.

"आतून तळलेत चांगले," अंधारातून मावशी म्हणाल्या. "पुढच्या खेपेला पेचहून येताना साखर मीच घेऊन येईन."