आपली खात्री आहे का?

पडद्यावरच्या त्या चौकटीची रुंदी साडेअकरा सेंटीमीटर होती, उंची चार, आणि तिच्यातल्या दोन बटणांमधलं अंतर बारा मिलिमीटर. मी हे स्टीलच्या पट्टीने तीनदा मोजून सरासरी काढली आहे, कारण पुढे चौकशीत तो प्रश्न क्रमांक एक होता. डाव्या बटणावर ‘हो’ लिहिलं होतं, उजव्यावर ‘नाही’. वर वाक्य होतं : ‘जुन्या नोंदी कायमच्या बदलल्या जातील. आपली खात्री आहे का?’

हे वाक्य माझं. परत फिरवता येणार नाही असं कोणतंही काम प्रोग्रामने वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय करू नये, असा आमच्या धंद्यातला चांगला नियम आहे. रत्नागिरीत २००२ साली मी तो पाळला. त्यातून जे शिकले ते नव्याने प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून इथे नोंदवते.

कार्यालयाचं नाव फळ-उगम प्रमाणन कक्ष. आंबा याच जिल्ह्यातल्या झाडाला लागला, असा दाखला तिथे मिळे. तो तोवर हाताने लिहीत. बागांच्या नोंदी वर्षभर खपून संगणकात भरून झाल्या होत्या. माझा प्रोग्राम त्या नव्या रचनेत घेऊन दाखले छापणार होता. तीन एप्रिलला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिथल्या क्लार्क कुसुमताई यांनी प्रोग्राम सुरू केला, चौकट उमटली, आणि त्यांनी माऊसवरचा हात चटका बसल्यासारखा उचलला.

“मॅडम, हे मला विचारतंय?”

“हो. डावीकडचं बटण दाबा.”

“माझ्या खात्रीवर कायमचं बदलणार? अहो, माझी किरकोळ रजासुद्धा माझ्या खात्रीवर मिळत नाही. पेन्शनला चार वर्षं राहिलीत, मी नाही हात लावणार.”

त्यांनी टिपणी लिहिली : ‘संगणकाने विचारणा केली आहे. आदेशार्थ सविनय सादर.’

साहेबांनी ‘कायमच्या’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि तूर्त जैसे थे असा आदेश दिला. जैसे थे म्हणजे संगणक बंद करायचा नाही, कारण बंद केल्यास चौकट जाईल आणि शासकीय विचारणा नष्ट केल्याचा ठपका येईल. वीज जाते म्हणून दोन मोठ्या बॅटऱ्या आल्या. माऊस काढून कपाटात ठेवला आणि कपाटाला लाखेचं सील लावलं. कागद उडून कीबोर्डावर पडू नये म्हणून पंखा बंद. समोर स्टुलावर दादू शिपाई, घाम पुसत. पंचवीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला प्रथमच जबाबदारीचं काम मिळालं, असं तो सांगे.

दहाव्या दिवशी कीबोर्डावरून पाल गेली. पंचनामा झाला. त्याचा शेवट असा : ‘पाल सक्षम प्राधिकारी नसल्याने तिने घेतलेला निर्णय, घेतला असल्यास, ग्राह्य धरू नये.’

इकडे हाताने लिहायचे दाखले बंद झाले होते. संगणकीकरण सुरू झालं असल्याने जुने छापील नमुने नियमाप्रमाणे नष्ट केले होते. ते नष्ट करताना कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

याचा अर्थ सगळ्यांत आधी परशुरामकाकांना कळला. ते पावसचे बागायतदार, माझ्या वडिलांचे स्नेही. तीन पिढ्या त्यांचा आंबा दलालाच्या नावाने विकला गेला होता. यंदा त्यांनी स्वतः पत्रं लिहून लंडनचा एक व्यापारी गाठला होता आणि पेट्यांवर प्रथमच आपलं नाव छापून घेतलं होतं. व्यापाऱ्याची अट एकच : पंचवीस मेच्या आत पेटी आणि सोबत दाखला.

“काय गो मनस्विनी,” ते दारातूनच विचारीत, “तुझं डबडं अजून विचारतंयच का? आमच्याकडे लग्न ठरवताना मुलीला इतक्यांदा विचारीत नाहीत.”

“काका, फाइल वर गेली आहे,” कुसुमताई म्हणत.

“वर म्हणजे कुठे? माडीवर? आंबा अढीत पिवळा पडलाय हो! त्याला सांगू का, बाबा रे, फाइल येईस्तो हिरवा राहा?”

पहिल्या पेट्या त्यांनी शेजाऱ्यांना वाटल्या. दुसऱ्या रस काढणाऱ्या कारखान्यात गेल्या. तिथे नाव पेटीवर असलं काय नि नसलं काय.

मी साहेबांकडे गेले. त्यांच्यापुढे चौकशीचा अहवाल होता. ‘हो’ हे बटण ‘नाही’च्या आधी ठेवून प्रोग्राम लिहिणारीने प्रशासनावर दबाव आणला काय, असा दुसरा प्रश्न त्यात होता.

“साहेब, जुन्या नोंदींची प्रत माझ्याकडे सीडीवर आहे. ‘हो’ दाबलं तरी काही जाणार नाही.”

“लेखी द्याल?”

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. शंभर टक्के असं निसर्गात काही नसतं. सीडीला इथल्या दमट हवेत बुरशीही लागते. मी लिहून दिलं, ‘साधारणपणे काही जाणार नाही.’ साहेबांनी ‘साधारणपणे’खाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

“तुम्ही आमच्यातल्याच आहात,” ते म्हणाले. “आता एक करा. तिसरं बटण द्या. ‘विचाराधीन’.”

“ते दाबल्यावर काय होईल?”

“काही नाही.”

“मग द्यायचं कशाला?”

“अहो, आत्ता काही होत नाही ते कोणी न दाबता. दाबून काही झालं नाही, तर ती कार्यवाही.”

ते बटण मी एका दुपारी केलं. माझ्या आजवरच्या कामातला तो एकमेव भाग, ज्यात नंतर एकही चूक सापडली नाही. मात्र नवी आवृत्ती बसवायला आधीची चौकट बंद करावी लागे, आणि तिच्यावर तर निर्णय प्रलंबित होता.

शेवटी जनतेकडून हरकती व सूचना मागवल्या : ‘हो’ की ‘नाही’, कारणांसह. महिन्याभरात चारशे बारा पत्रं आली. नऊ पत्रांत नळाला पाणी नसल्याची तक्रार होती. चारशे दोनांत ‘साहेब घेतील तो निर्णय मान्य’ असं होतं. एकात नुसतं ‘हो’ होतं, पण खाली सही नव्हती, म्हणून ते दप्तरी दाखल झालं. त्याचं अक्षर माझं होतं.

एकवीस मेला बैठक बसली. बाहेर टेंपोत परशुरामकाकांच्या शेवटच्या चाळीस पेट्या होत्या. वास खोलीभर भरला होता. पंचांसमक्ष सील तोडून माऊस काढला, जोडला. साहेबांनी एकेकाला मत विचारलं.

“मी काय, शिपाई,” दादू म्हणाला.

“साहेब म्हणतील तसं,” कुसुमताई.

मी म्हटलं, “मी लेखी दिलंच आहे.”

“तर मग परशुरामपंत,” साहेब वळले, “नुकसान तुमचं होतंय. निर्णय तुम्हीच घ्या. तुमच्या शब्दाबाहेर हे कार्यालय नाही.”

“अहो, दीड महिना घसा कोरडा करतोय मी!” काका उठलेच. “आणा इकडे तो कागद!”

कागद तयार होता : ‘मी स्वखुशीने ‘हो’ असे सांगत असून, जिल्ह्यातील समस्त बागांच्या नोंदींचे काही झाल्यास मी व माझे वारस जबाबदार राहू.’ काकांनी पेनाचं टोपण काढलं. ‘माझे वारस’पाशी थांबले. मागे जाऊन पहिल्यापासून वाचलं. चष्मा पुसला. खिडकीतून टेंपोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पडद्याकडे पाहत होते.

त्यांनी टोपण पुन्हा लावलं.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.”

खोलीत कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला. तो काकांचा होता. लगेच दुसरा ऐकू आला, तो माझा.

वाचणाऱ्याला वाटेल, यात एवढं काय, मी दाबलं असतं. दार उघडंच होतं. सरकारी कार्यालय होतं, कोणीही आत येऊ शकत होतं. त्या कागदाच्या कोऱ्या प्रतीही दाराशी ठेवल्या होत्या, विनामूल्य. एकही कमी झाली नाही.

आता सर्वांची संमती बैठकीच्या इतिवृत्तात लेखी झाली होती. साहेबांनी शर्टाची बटणं सारखी केली, पडद्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “नाही.”