जाधवकाका आणि गौरीचं कोपर

जाधवकाका नमस्कार करत नाहीत. ते कोपर पाहतात. आपण दार उघडलं, की ते हाताची मागची बाजू आपल्या कोपराला लावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "थंड आहे. ठीक." किंवा, "गरम आहे. बसा जरा." दूधवाल्या भैयाचं पाहतात, पोस्टमनचं पाहतात. एकदा माझ्या सासूबाईंचं पाहिलं. त्यानंतर काका आले की सासूबाई हात पदराखाली घेऊन बसायच्या.

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर काका झाशीतच राहिले. काकू गेल्यावरही राहिले. आता छावणीजवळच्या मैदानावर मुलींना बेसबॉल शिकवतात. आमची गौरी त्यांची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. खेळ ठाऊक नसेल तर एवढंच समजून घ्या : एक पिचर सामना सुरू करते, तिचा हात थकला की दुसरी येते. काका पहिलीला म्हणतात 'पहिला पहारा' आणि दुसरीला 'बदली'. गौरीला पहिला पहारा द्यायचा की बदली, या प्रश्नापायी आमच्या घरात कुणाला अन्न गोड लागत नव्हतं.

कारण रविवारच्या सामन्यातून राज्याच्या संघाची निवड होती. निवड करणारे साहेब लोक सुरुवातीला डोळे उघडे ठेवतात आणि ऊन चढलं की गाडीत जाऊन बसतात, हे मी गेल्या वर्षी पाहिलं होतं. गौरी शेवटी आली, तिने चेंडू झकास फेकले, आणि टाळ्या वाजवल्या मी आणि चहावाल्याने.

मी लपवत नाही, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाप वीटभट्टीवर होता. ज्याचं नाव आधी पुकारतात त्याच्याकडेच लोक बघतात, एवढं मला पक्कं कळलेलं आहे. म्हणून सरळ सांगितलं, "काका, गौरीला पहिला पहारा द्या."

"देतो," काका म्हणाले.

संध्याकाळी फोन. "बदलीच बरी. पहिल्या पहाऱ्यात कोपर जातं."

सकाळी स्वतः दारात. "पहिलाच देतो. ठरलं."

दुपारी मला सीपरी बाजारात भेटले. भाजीवाल्यासमोर उभे राहून त्याला सगळा पेच समजावत होते. तो म्हणाला, "सूबेदार साहब, बिटिया से ही पूछ लो." काकांनी त्याचं कोपर पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गरम आहे. याचं मत धरायचं नाही."

बिटियालाही विचारून झालं होतं. "पप्पा, टेन्शन मत लो," ती म्हणाली. असं म्हणणाऱ्या पोरीने अंगठ्यांची नखं मुळापर्यंत खाल्ली होती.

हिवाळ्यात तिचं कोपर सुजलं होतं, हे खरं. पण डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हणून सांगितलेलं. शनिवारी काका घरी आले आणि तिचं कोपर पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

"कसं आहे?" माझ्या बायकोने विचारलं.

"थंड आहे."

"मग अडलंय कुठे?"

काकांनी चहात बिस्किट बुडवलं आणि तसंच धरून बसले. ते तुटून कपात पडलं. "बदलीला ठेवली की बरं असतं," ते पुटपुटले.

"कुणाला बरं?"

काका उठले आणि कुणाचंही कोपर न पाहता निघून गेले.

रविवारी मैदानावर त्यांनी नावं पुकारली. पहिलं गौरीचं. मला हवं ते मिळालं होतं, आणि आता वाटू लागलं, खरंच कोपर गेलं तर?

एवढ्यात गौरी धावत माझ्याकडे आली. "पप्पा, तुम्ही बाकावर बसा ना. आजोबांजवळ."

एरवी ती त्यांना 'सर जी' म्हणते. आजोबा मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मी बदली असते तेव्हा मेरी बारी येईपर्यंत आम्ही तिथे बोलत बसतो," ती म्हणाली. "ते गावचं सांगतात, शेंगा सोलून देतात. मी मराठीत चुकले की किती हसतात. काकू गेल्यापासून उनसे ऐसे कोई बोलता ही नहीं." आणि टोपी सारखी करत ती पळाली.

इतकी वर्षं काकांचा शेजारी आहे मी. आमचं बोलणं म्हणजे कोपर, नाहीतर पाण्याची मोटार.

बाकावर काका शेंगा सोलत होते. एकही दाणा तोंडात टाकत नव्हते. सवयीने शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवत होते. ती रास हलकेच सरकवून मी बसलो. समोर गौरीने चेंडू फेकायला हात उचलला.

"काका," मी म्हणालो, "तुमच्या गावचं काहीतरी सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नजर गौरीवर ठेवून हात तेवढा माझ्या कोपरावर आणला.

"गरम आहे," ते म्हणाले. मग गावच्या विहिरीचं काहीतरी सांगू लागले. हात मात्र काढला नाही.