दत्तूअण्णांचा गट्टी पायप

आमच्या शेजारच्या दत्तूअण्णांकडे पाहुणा आला की त्याला आधी चहा मिळत नाही. आधी त्याला परसात नेऊन न्हाणीच्या सांडपाण्याचा पायप दाखवतात. पायप बहुतेक मातीखाली, त्यामुळे दिसते ती नुसती जमीन.

"आता ह्यावरनं चाल," अण्णा म्हणतात. पाहुणा चालतो. "आसं मांजरावानी नगं. पाय आपटून चाल!" पाहुणा पाय आपटतो. मग अण्णा खूश. "बघ. गट्टी हाय!"

रामनगरच्या आमच्या कडेला घरं संपून रान सुरू होतं. इथं गट्टी म्हणजे भक्कम. शब्द कानडीतला, पण अण्णांनी तो एकट्या पायपासाठी राखून ठेवलाय. पुतण्याचं स्थळ बघायला मुलीकडचे आले, तेव्हा मुलीच्या बापालाही त्यांनी नव्या धोतरात परसभर कवायत करायला लावली. तरी सोयरीक जुळली, ही त्या माणसाची सज्जनता.

प्लास्टिक टिकत नाही असं कुणी म्हणालं की अण्णांचा आवाज चढतो. "उन्हात टाकलास तर तडकणारच. मातीत पुरलास तर नातवंडांना पुरतोय!" जमिनीवर निघालेल्या तेवढ्या तुकड्याला त्यांनी रंग दिला, वर कौलं रचली. भाताची कढत पेज न्हाणीत ओतायची घरात कुणाची छाती नाही. "मऊ पडतोय त्यो. निवूं दे आधी!"

एका सकाळी रानातला गवा परसातून गेला. पायपाच्या बरोबर वर त्याचा खूर रुतलेला. अण्णांनी धावत जाऊन न्हाणीत बादली ओतली. पलीकडे केळीत पाणी धो धो आलं. आम्हाला गवा गेल्याचा आनंद, अण्णांना तो आल्याचा. "गव्यानं पाय दिला, पर हालला न्हाई!" खुराच्या ठशावर त्यांनी टोपली पालथी घातली आणि आल्यागेल्याला ती उचलून दाखवली.

अण्णांची बायको पारूअक्का हे सगळं मागच्या दारातून बघायची. उंबरा मात्र ओलांडायची नाही. पूर्वी सांडपाणी परसात पसरून शेवाळ धरायचं. त्यावर घसरून तिचा खुबा मोडला होता. त्यानंतर अण्णांनी पायप घातला. जमीन कोरडी झाली, अक्काचं हाडही जुळलं. भीती तेवढी राहिली.

एकदा मी वैतागून विचारलं, "अण्णा, माणसांना असं कशाला नाचवता?"

ते दाराकडं बघत हळूच म्हणाले, "तिला दिसूंदे की. कोण पडत न्हाई."

तेव्हापासून मीही येताजाता त्यांच्या परसात पाय आपटू लागलो.

परवा संध्याकाळी अक्का काठी टेकत उंबरा उतरली. कुणी बोलावलं नव्हतं. एकेक पाऊल चाचपत कुंपणाजवळच्या अबोलीपर्यंत गेली. अण्णा मागोमाग, दोन्ही हात पसरून, तिला न शिवता.

अक्कानं फुलं तोडली, ओच्यात घेतली. वळताना तिनं न बघताच मागं हात केला. अण्णांचा हात तिथंच होता.