पाचवा घास

वैजयंती दुधाणे पोलीस भरतीच्या सगळ्या परीक्षांत पास झाली, पण चारित्र्य पडताळणीत तिच्या नावावरचं एक जुनं प्रकरण निघालं. चार वर्षांची असताना तिने वरणभाताचा पाचवा घास खाल्ला नव्हता, आणि तो घास एकोणीस वर्षं पोलीस ठाण्यात जमा होता.

इतर गावांतल्या आया ‘थांब, पोलिसांनाच बोलावते’ असं म्हणतात आणि विसरून जातात. या शहरात तसं चालत नाही. इथे आईने वाक्य उच्चारलं की ठाण्यात नोंद होते आणि कोणीतरी जाऊन येतं. शहर एवढं मोठं, रोज संध्याकाळी निदान दोनशे नोंदी होतात. बहुतेक प्रकरणं पोलीस दारात चपला-बूट काढेपर्यंत मिटतात. मूल भराभर गिळतं, आई ओशाळते, आणि शिपाई वहीत ‘जेवले’ असं लिहून परत येतो. न मिटलेली प्रकरणं फार थोडी. वैजयंतीचं त्यांतलं सगळ्यात जुनं.

“सोमवारी सकाळी अकरा वाजता शपथ आहे,” निरीक्षक उबाळे मॅडम म्हणाल्या. “त्याआधी हे मिटलं पाहिजे. नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला बोलवावं लागेल. ती आठशे मीटर धावण्यात तुझ्यापेक्षा दोनच सेकंद मागे आहे.”

“मला वाटलं आईने अर्ज मागे घेतला असेल,” वैजयंती म्हणाली.

“घेतलेला नाही. आता घेऊ शकतील का?”

“ती तीन वर्षांपूर्वी गेली.”

उबाळे मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग त्या म्हणाल्या, “वाघचौऱ्यांना भेट. मुद्देमाल त्यांच्याकडे आहे.”

मुद्देमालाची खोली ठाण्याच्या मागच्या अंगाला होती. जप्त केलेल्या सायकली, कुकर, एक तानपुरा, असला संसार तिथे मांडलेला. हवालदार वाघचौरे मधोमध टेबल टाकून बसले होते. त्यांनी नाव विचारलं आणि वर पाहिलं.

“दुधाण्यांची वैजू? अगं, पलंगाखाली तुला मीच बघितली होती. फ्रॉकवर बदकं होती.”

“तुम्ही आला होतात, काका?”

“नवीन होतो. माझी पहिलीच ड्युटी. तू काय मला दाद दिली नाहीस.”

त्यांनी कपाटातून मुठीएवढी स्टीलची डबी काढली. लाखेचं सील तसंच होतं. डबी तिच्या हातात दिली तेव्हा ती गरम लागली. जप्त केलेला माल जप्तीच्या वेळी होता त्याच स्थितीत ठेवायचा असा नियम आहे आणि वाघचौरे नियमाने वागणारा माणूस.

मग त्यांनी चष्मा लावून पंचनामा वाचला. “वरणभाताचा घास, नग एक. तूप घातलेला, वरून लिंबू पिळलेलं. मीठ बेताचं. आकार चार वर्षांच्या तोंडात मावेल एवढा. फिर्यादी सुलभा दुधाणे हिचा जबाब : पहिला घास चिऊचा, दुसरा काऊचा, तिसरा माऊचा, चौथा बाबांचा, हे चार आरोपीने खाल्ले. आरोपीस घास गालात धरून बसण्याची वाईट खोड आहे. पाचवा घास पोलिसाचा असे मी म्हटले असता आरोपी पलंगाखाली गेली व तेथून म्हणाली की, पोलिसाचा घास पोलीस खाईल.”

वैजयंतीला हसू आलं. आईचं बोलणं तिने तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. ‘वाईट खोड’ हे शब्द सरकारी कागदावरसुद्धा आईच्याच आवाजात होते.

“तू म्हणालीस ते कायद्याला धरून होतं,” वाघचौरे म्हणाले. “घास पोलिसाच्या नावचा. मी खाल्ला असता तर तिथंच मिटलं असतं. पण ड्युटीवर कुणाच्या घरचं खायचं नाही. म्हणून जप्त केला.”

“आईने नंतर कधी चौकशी केली नाही?”

“नाही कशी? दर वर्षी यायची. तुझ्या वाढदिवसाला, दुपारची.”

वाढदिवसाला आई दुपारी तासभर कुठेतरी जायची. फुलं आणायला जाते असं सगळे धरून चालायचे, कारण येताना हातात फुलं असायची.

“मी दर खेपेला म्हणायचो, वहिनी, मागं घ्या अर्ज, पोरगी आता कॉलेजात जाते. तर म्हणायची, राहू द्या. डबी अशी हातात धरायची जरा वेळ. म्हणायची, भाऊ, चार वर्षांची वैजू एवढीच उरलीय माझ्याकडं. बाकीची मोठी झाली.”

वैजयंती डबी हातात धरून उभी राहिली. तिला आई हवी होती. वाघचौरे उगाचच तानपुऱ्यावरची धूळ पुसत बसले.

उबाळे मॅडमना प्रकरण समजायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, “सोपं आहे. पोलिसाचा घास आहे, तर वाघचौरे, तुम्ही आत्ता जेवणाच्या सुट्टीत खाऊन टाका. एका घासाचं काम.”

वाघचौऱ्यांनी डबी घेतली. ते सीलवर नख लावणार एवढ्यात वैजयंती म्हणाली, “काका, थांबा.”

“काय झालं?”

“तो मला खायचाय.”

“तुला कसा खाता येईल?” मॅडम म्हणाल्या. “तू पोलीस नाहीस. हे प्रकरण मिटल्याशिवाय होणारही नाहीस. आणि पोलीस झाल्याशिवाय घास तुझा नाही. सोमवारपर्यंत विचार कर. माझ्याकडून वाघचौरे आजही तयार आहेत.”

“मी तयार नाही,” वाघचौरे हळूच म्हणाले. पण हुकूम झाला असता तर त्यांनी खाल्ला असता.

घरी वडील शिलाई मशीनवर बसले होते. वैजयंतीचा खाकी गणवेश त्यांनी निकाल लागायच्या आधीच शिवून ठेवला होता आणि आता उगाच त्याची बटणं पक्की करत होते. तिने सगळं सांगितलं.

“लिंबू पिळलेलं होतं का?” त्यांनी विचारलं.

“होतं. पंचनाम्यात आहे.”

“मग तिच्याच हातचा.” त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, तो ओवला गेला नाही. “तिच्या हातचं आता घरात काही नाही, वैजू. लोणच्याची शेवटची बरणी गेल्या वर्षी संपली. मी तिच्यात पाणी घालून, ते आमटीत घातलं होतं. तुला बोललो नाही.”

“बाबा, मी काय करू? काकांना खाऊ दिला तर सोमवारी मी पोलीस होते.”

“हो की.”

“आणि नाही दिला तर तो राहतो. गरम.”

“पोलीस हो, असंच तर सांगत होती ती तुला,” वडील म्हणाले. मग म्हणाले, “पण दुसऱ्याने खाल्ला तर तिला वाईट वाटेल. मलाही वाटेल.”

शनिवार गेला, रविवार उजाडला. रविवारी दुपारी जेवताना वैजयंती घास तोंडात धरून कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसली. वडील सवयीने म्हणाले, “गीळ गं, गालात काय धरून बसतेस.” आणि वैजयंतीने ताट बाजूला केलं, हात धुतले आणि ठाण्याला फोन लावला.

“मॅडम, घास तोंडात घेतला म्हणजे खाल्ला, असं धरतात का?”

उबाळे मॅडमना दोन मुलगे होते. “मुळीच नाही,” त्या म्हणाल्या. “तोंडात घेतलेला अर्धा तास गालात राहू शकतो. गिळला म्हणजे खाल्ला.”

“मग मी तो शपथेच्या आधी तोंडात घेईन. शपथ घेईन. आणि पोलीस झाल्यावर गिळेन.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. “शपथेच्या वेळी पान, तंबाखू, सुपारी तोंडात नसावी असं लिहिलंय,” मॅडम अखेर म्हणाल्या. “वरणभाताबद्दल काही नाही. पण प्रकरण शपथेआधी मिटायला हवं, त्याचं काय?”

“तोंडात घेतल्यावर ते माझ्यापुरतं मिटतंच ना. मी नाही म्हणाले, एवढीच तर तक्रार होती.”

मॅडमनी थोडा विचार केला. “वेळेवर ये,” त्या म्हणाल्या. “आणि दात घासून ये.”

सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना वाघचौऱ्यांनी दोन पंचांसमक्ष सील फोडलं. तुपाचा वास ठाण्याच्या आवारभर पसरला. रांगेत उभ्या असलेल्या उमेदवारांपैकी कितीतरी जणांनी आवंढा गिळला. वाघचौऱ्यांनी हात धुतले, घास बोटांनी उचलला आणि वैजयंतीसमोर धरला.

“आ कर,” ते म्हणाले.

तिने आ केला. मीठ बेताचंच होतं.

शपथ तिने डाव्या गालात घास ठेवून घेतली. शब्द जरा जाड उमटले, पण सगळे उमटले. वडील मागे उभे राहून ओठ हलवत होते. शेवटचा शब्द झाला तसं उबाळे मॅडमनी सॅल्यूट घेतला आणि म्हणाल्या, “आता गिळा.”

वैजयंतीने मान डोलावली. मॅडमनी सही केली. वाघचौऱ्यांनी तिच्या डाव्या गालाकडे नीट पाहिलं. मग रजिस्टरात ‘गिळला’ या रकान्यात पेन्सिलीने एक टिंब दिलं.

तिला गिळवेना. जप्तीतून सुटल्यामुळे तो घास आता इतर घासांसारखाच निवायला लागला होता, हे तिला गालाला कळत होतं. निवायच्या आत खा, आई म्हणायची. पण गिळला की संपला. मग पुढच्या वाढदिवसाला कुणी कुठे जाऊन काय हातात धरायचं?

बाराच्या सुमाराला नोंद आली. बेलबाग चाळीसमोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, साडेतीन वर्षांची मुलगी जेवत नाही. आईने पोलिसांना बोलावलं आहे. पहिली ड्युटी म्हणून वैजयंतीला पाठवलं.

दार आईनेच उघडलं. दमलेली बाई होती, हातात वाटी. “या. रुंजी टेबलाखाली आहे. अर्धा तास झाला.”

वैजयंतीने बूट काढले आणि टोपी काढून टेबलाखाली वाकली. रुंजी भिंतीला पाठ लावून बसली होती. तिचा उजवा गाल फुगलेला होता.

“तू खरी पोलीस आहेस?” रुंजीने घास सांभाळत विचारलं.

“आजच झाले.”

“तुझ्या गालात काय आहे?”

“घास.”

“कुणाचा?”

“पोलिसाचा. माझ्या आईने दिला होता.”

रुंजीने तिचा गाल बोटाने दाबून पाहिला. आत घास आहे अशी तिची खात्री पटली. “मग गिळत का नाहीस?”

“संपेल म्हणून.”

रुंजीला हे पटलं. ती जरा सरकली आणि वैजयंती टेबलाखाली तिच्या शेजारी बसली. दोघी बसून राहिल्या. बाहेर रुंजीच्या आईचे पाय दिसत होते. ती या पायावरचा भार त्या पायावर टाकत होती. एका टाचेला भेग होती. वाटीतला भात निवत चालला होता आणि तरी ती बाई वाटी धरून उभीच होती. वैजयंती त्या पायांकडे पाहत राहिली. एकोणीस वर्षांपूर्वी पलंगाखालून तिला असेच पाय दिसले होते. ते इतका वेळ उभे होते, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

“रुंजी,” ती म्हणाली, “दोघी मिळून गिळायचा?”

“तू आधी.”

“एकदम. तू मोज.”

रुंजीने एक, दोन, पाच असे आकडे म्हटले. पाचला वैजयंतीने घास गिळला. तो अजून कोमट होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

“आ कर,” रुंजी म्हणाली.

वैजयंतीने आ केला. रुंजीने वाकून आत पाहिलं, डावीकडे पाहिलं, जिभेखालीही पाहिलं. मग स्वतःचं रिकामं तोंड उघडून दाखवलं आणि बाहेर ओरडून सांगितलं, “आई, हिचा संपला. माझा पण. दुसरा दे.”

खाली जिन्यात आल्यावर वैजयंतीने मुद्देमालाच्या खोलीला फोन लावला.

“काका, घास खाल्ला.”

“पोरीने?”

“दोघींनी.”

पलीकडून वाघचौऱ्यांनी खोडरबर फिरवल्याचा आवाज आला, आणि पेनाचा.

“मीठ कसं होतं?” त्यांनी विचारलं.

“बेताचं.”

“पंचनाम्यात आहे तसंच,” वाघचौरे म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं : जेवले.