वाळवणावर पडलेला हत्ती

एका जंगलात, बाळांनो, एक हत्ती भर दुपारी मेला. रडू नका. गोष्ट अजून सुरूच व्हायची आहे.

हत्तीचं नाव अंबाजी. वाटेवर पडलेली झाडं उचलून बाजूला करायची, हे त्याचं काम. त्या दिवशी तो सागाचं खोड घेऊन निघाला होता. चालता चालता त्याचं काळीज बंद पडलं. खोड तिथेच सुटलं आणि अंबाजी धाडकन आडवा झाला. तोही नेमका कुठे, तर ठकूमावशी माकडिणीच्या वाळवणावर. पहाटेपासून लाटून वाळत घातलेले पापड होते हो.

“माझे पापड!” ठकूमावशी फांदीवरून थेट त्याच्या छातीवर उतरली आणि थयथया नाचायला लागली. “ऊठ मेल्या, ऊठ. एवढ्या जंगलात तुला दुसरी जागा मिळाली नाही?”

बराच वेळ नाचली. शेवटी अंबाजीने खोकून डोळे उघडले.

“मावशी, काय झालं?”

“वर मलाच विचारतोय,” म्हणत तिने आणखी चार लाथा घातल्या.

तर असा हत्ती जिवंत झाला. जंगलाला आनंदाचं भरतं आलं.

जंगलाचे वैद्य धुंडिराज कासव तातडीने निघाले आणि तिसऱ्या दिवशी पोहोचले. “सावकाश,” ते म्हणाले. “रोज तीन पावलं. चौथ्याचं पुढच्या महिन्यात बघू. आणि याच्याशी कोणी आवाज चढवून बोलायचं नाही.”

मग काय विचारता. लांडगेसुद्धा गोड बोलायला लागले. पोपट रोज सकाळी नवा उपाय ऐकवून जात. सोमवारी दुधीचा रस अमृत असायचा, मंगळवारी तोच विष. अस्वल विचारायचं, “आज कसं वाटतंय?” आणि उत्तर यायच्या आधीच हळहळून मान हलवायचं.

अंबाजीला पहिले आठ दिवस मजा वाटली. मग भीती वाटायला लागली. दिवसभर तो आपल्याच छातीकडे कान लावून बसायचा. पाठीवर माशी बसली तरी त्याला वाटायचं, आलं वाटतं परत.

तीन महिन्यांनी तो कामावर रुजू झाला. मोठा सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला, सात भाषणं झाली. अंबाजीने वाटेवरची एक काटकी उचलायला सोंड पुढे केली, तर दहा जण धावले. “राहू द्या, राहू द्या, अंबाजीराव.” त्याला वडाखाली बसवून ‘सल्लागार’ करून टाकलं. झाडं वाटेवर पडलेली राहिली. सल्ला कोणी विचारला नाही.

आपण आता हत्ती नाही, हत्तीचा फोटो झालो, असं अंबाजीला वाटलं. त्याला फार रडू आलं. पण रडलं तर काळजाला त्रास होईल म्हणून तेही त्याने गिळलं.

एवढ्या दिवसांत एकटी ठकूमावशी समाचाराला आली नव्हती. ती सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आली.

“बरा झालास म्हणे.”

“हो, मावशी.”

“मग पापडाचं पीठ कोण कुटणार? तुझा बाप?”

सगळं जंगल थिजलं. वैद्यबुवांनी मान आत घेतली.

“मावशी, पण माझं काळीज...”

“ते मीच चालू केलंय. बंद पडलं तर परत नाचेन. चल.”

अंबाजी तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला. आणि निघाला.

पहिल्या दिवशी त्याने वीस वेळा पाय आपटून पीठ कुटलं. “बस, टेक आता,” ठकूमावशी खेकसली आणि छातीला कान लावून बसली. दुसऱ्या दिवशी चाळीस. शिव्या मात्र रोज तेवढ्याच. महिन्याभराने पीठ लोण्यासारखं मऊ निघालं. त्या दिवशी घरी जाताना वाटेत तेच सागाचं खोड आडवं पडलेलं होतं. अंबाजीने ते उचललं, बाजूला ठेवलं आणि पुढे गेला. बरंच पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपलं घाबरायचं राहूनच गेलं.

जंगलाने लगेच सत्कार ठरवला. धुंडिराज वैद्यांचा, उत्तम उपचारांबद्दल. ते निघालेत. अजून व्यासपीठापर्यंत पोहोचायचे आहेत.

तात्पर्य: बाळांनो, पडणं आपल्या हातात नसतं. पण जमलंच तर कोणाच्या तरी वाळवणावर पडावं. गोड बोलणारे नुसते बघायला येतात. उठवायला तीच येते, जिचे पापड मोडलेले असतात.